मदत हवी आहे: कंपाउंडवर पत्रा लावलेला चालतो का? (तातडीचे)

रिकामा_गडी: कंपाउंडच्या भिंतीवर तीन फूट पत्रा लावायचा आहे. रस्त्यावरून थेट हॉल दिसतो. शेजारी म्हणतात नगरपालिका काढायला लावेल. फॅब्रिकेटर सोमवारी येतोय. चालतं की नाही, एवढंच सांगा.

ओळंबा: गाव कुठलं? भिंत किती उंच, चार इंची की नऊ इंची?

रिकामा_गडी: सातारा जिल्हा, नगरपालिका हद्द. पाच फूट. जाडीचा काय संबंध?

ओळंबा: पाचगणी-महाबळेश्वर नसेल तर 2020 चं यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची बांधकाम नियमावली लागू. कंपाउंड 1.5 मीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. 2.4 मीटरपर्यंत नेता येतं, पण वरचे 0.9 मीटर आरपार दिसणारे हवेत. जाळी, ग्रिल चालेल, पत्रा बाद. आणि उंची समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजतात, अंगणातून नाही. भराव टाकून प्लॉट दोन फूट उचलला असेल, तर आतून जे पाच फूट, तेच बाहेरून सात.

बांधावरचा: सोलर झटका मशीन बसवा. पाच तारा, 12 व्होल्टची बॅटरी. रानडुक्कर फिरकत नाही.

ओळंबा: त्यांना हॉल झाकायचाय हो.

सुमती_का: झटक्याचं वाचून कुणी घरची लाइन तारेला जोडू नका. मशीन क्षणभराचा ठोका देतं, मेन लाइन माणूस मारते. गुन्हा दाखल होतो तो वेगळाच.

गल्लीबोळ: आमच्याकडे सगळ्यांचे पत्रे आहेत, कोण विचारतं? तक्रार झाली तरच बघतात. बिनधास्त लावा.

फॅब्रिकेशनवाला: नियम राहू द्या, वाऱ्याचं काय? चार इंची भिंतीवर तीन फूट पत्रा म्हणजे होडीचं शीड. वळवाच्या पावसात भिंतीसकट रस्त्यावर आडवा. जाडी त्यासाठी विचारली. जाळीच करा: 50 मिमी चौकटीची, 10 गेज जाडीच्या तारेची, तीन आडव्या तारा, दर आठ फुटांवर 40×40×5 मिमीचा लोखंडी अँगल. विटेत फास्टनर मारू नका, वीट फुटते. नऊ इंची भिंत असेल तर अँगल पिलरमध्ये नऊ इंच खाली, 1:2:4 (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटमध्ये. चार इंची असेल तर भिंतीला हात न लावता आतल्या बाजूने जमिनीतून उभे करा, खड्डा दीड बाय दीड, दोन फूट खोल. टोकाच्या अँगलला तिरपा टेका द्याच. नाहीतर तार ताणली की तो आत ओढला जातो आणि जाळी पोट काढते.

सुमती_का: त्यावर मधुमालती सोडा, वर्षभरात हॉल झाकला.

गल्लीबोळ: मग जाळी आरपार कुठे राहिली?

सुमती_का: नियम बांधकामाला आहे, वेलीला नाही.

फॅब्रिकेशनवाला: गच्च भिजलेली वेलही वारा धरते. मे अखेरीस छाटायची. ग्रीन नेट तर नकोच.

रिकामा_गडी: प्लॉट कोपऱ्याचा आहे. फरक पडतो?

ओळंबा: हे आधी नाही का सांगायचं! कोपऱ्यापासून दोन्ही रस्त्यांकडे 10 मीटरपर्यंत पक्की भिंत 0.75 मीटरच, त्यावर 0.75 मीटर रेलिंग. वळणावर समोरची गाडी दिसावी म्हणून.

रिकामा_गडी: म्हणजे आहे ती भिंतसुद्धा पाडू??

ओळंबा: आधी मंजूर नकाशात कंपाउंड कसं दाखवलंय ते बघा. सोमवारचं काम थांबवा. फाटक बाहेर उघडत असेल तर तेही आत फिरवून घ्या.

बांधावरचा: फाटकाला स्लायडिंग बरं की दोन पाखी?