इलास्टोग्राफीत 2.8 आलंय, मांडीतली गाठ साधीच आहे ना? लवकर सांगा

खारूताई:
दादाच्या मांडीत गाठ आहे. सोनोग्राफीबरोबर इलास्टोग्राफीही (गाठ किती कडक ते मोजणारी तपासणी) केली. रिपोर्टात 'चरबीची गाठ असावी' असं आहे आणि कडकपणा 2.8. परवा गाठ काढायची तारीख मिळाली आहे. 2.8 म्हणजे मऊ की कडक? नेटवर दोन ठिकाणी दोन उत्तरं. नक्की माहीत असेल त्यांनीच सांगा.

दूरदिवा:
2.8 काय? एकक लिहा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

मनमोकळा:
घाबरू नका. माझ्या पाठीवर अशीच गाठ दहा वर्षं होती. बोटाखाली सरकायची, दुखायची नाही. जागा बधिर करून काढली, त्याच दिवशी घरी. मशीनच्या नादी लागू नका, काढून मोकळे व्हा.

खारूताई:
रिपोर्ट दादाकडे आहे. चित्रात गाठ निळी दिसत होती एवढं आठवतं. निळी म्हणजे मऊ ना?

दूरदिवा:
तसं ठरलेलं नाही. काही यंत्रांत निळं म्हणजे मऊ, काहींत नेमकं उलट. चित्राशेजारची रंगपट्टी बघा. 2.8 चे तीन अर्थ निघू शकतात. मीटर प्रति सेकंद असेल तर तो गाठीतून गेलेल्या कातरलहरीचा (ऊतीला आडवी हलवत जाणाऱ्या लहरीचा) वेग, गाठ कडक तितका तो जास्त, म्हणजे कडकपणाच्या एककात साधारण 23 किलोपास्कल. किलोपास्कलच असेल तर गाठ फारच मऊ. आणि गुणोत्तर असेल तर शेजारच्या ऊतीच्या तुलनेत 2.8 पट, तिथे शेजारी चरबी धरली की स्नायू हे विचारावं लागतं.

उंबरठा:
काकांचं यकृताचं फायब्रोस्कॅन 9 आलं होतं. ते हेच का? औषधाने कमी होतं का?

पाऊलखुणा:
उंबरठा, तत्त्व एकच, पण यकृताच्या मर्यादा गाठीला लावायच्या नसतात. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.
खारूताई, मी रोज सोनोग्राफी करतो. प्रोब (कातडीवर टेकवतात तो यंत्राचा भाग) जरा दाबून धरला तरी मऊ गाठ कडक दाखवते. गाठीत निव्वळ पाणी असेल तर कातरलहर पुढे जातच नाही, मग आकडाच मिळत नाही. लिपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, सहसा मऊ लागतो, कातडीखालची एपिडर्मल सिस्ट (पिशवीसारखी साधी गाठ) त्याहून कडक, हे बरोबर. पण साध्या आणि वाईट गाठींचे आकडे एकमेकांत मिसळतात. डेस्मॉइड (तंतुमय ऊतीची गाठ) शरीरभर पसरत नाही, तरी कडक लागतो. मिक्सॉइड लायपोसार्कोमा हा चरबीचा कर्करोग असून मऊ लागू शकतो. म्हणून मला आकड्याआधी हे सांगा: गाठ किती मोठी, स्नायूच्या वर की आत, आणि वाढतेय का?

खारूताई:
दादाला फोन केला. 2.8 मीटर प्रति सेकंद. आकार 6.4 सेमी. 'स्नायूच्या आत' लिहिलंय. गेल्या चार महिन्यांत पँट घट्ट व्हायला लागली, पण ते वजन वाढल्यामुळे असेल असं तो म्हणतो.

पाऊलखुणा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. 5 सेमीहून मोठी, खोल आणि वाढणारी गाठ आधी एमआरआय करून बघतात, मग काढायची की आधी कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा) घ्यायची ते ठरतं. स्नायूतला साधा लिपोमाही असू शकतो, एमआरआयमध्ये चरबीचा उजळपणा दाबून घेतलेल्या चित्रात ते बरंचसं कळतं. परवाचं ऑपरेशन पुढे ढकला.

मनमोकळा:
उगाच भीती घालताय. काढली की तपासायला जातेच ना ती?

पाऊलखुणा:
जाते. पण तपासणीत सार्कोमा (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कर्करोग) निघाला, तर न ठरवता कापलेली सगळी जागा पुन्हा मोठी करून काढावी लागते, कधी किरणोपचारही वाढतात. तुमची गाठ कातडीखालची, सरकणारी होती. ही तशी नाही.

मनमोकळा:
ती स्नायूत आहे हे मला माहीत नव्हतं. माझं म्हणणं मागे घेतो.

खारूताई:
परवाची तारीख रद्द केली. दादा चिडलाय, पण एमआरआयला तयार झाला. बायोप्सी साध्या सुईने झाली तर चालेल का?

पाऊलखुणा:
बारीक सुईत सुट्या पेशी येतात, अशा गाठीला कोअर सुईने तुकडा घेतलेला बरा. आणि ती सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच सांगायचं, कारण तो मार्गही नंतर काढावा लागू शकतो. एमआरआयला जाताना सोनोग्राफीची चित्रं न्या, नुसता रिपोर्ट नको.