मदत हवी आहे: किसुमूला मुलांमध्ये सेवेसाठी जातोय

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या चर्चची तरुणांची टीम ऑगस्टमध्ये केनियाला, किसुमूजवळच्या गावांत जातेय, तिकडे शाळेला तेव्हा सुट्टी असते म्हणून स्थानिक पाळकांनी मुलांसाठी व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घ्यायला बोलावलंय. आधी कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.

यलो फीवरची लस लागते आणि ती किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर परत येताना भारतात क्वारंटाइन करू शकतात, एवढं कळलंय. ईटीए (केनियात प्रवेशाची परवानगी) ऑनलाइन काढतोय. पण मलेरियाच्या गोळ्यांचं काय? व्हिक्टोरिया सरोवराकाठी मलेरिया भरपूर, आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात ओडोमॉस लावा 😅

दुसरं, टीममधल्या काहींना एखाद्या अनाथाश्रमात जाऊन खाऊ वाटायचाय, फोटो काढायचेत. मला हे पटत नाही. केनियातच 2022 च्या बालकायद्यानंतर मुलं संस्थेऐवजी कुटुंबात वाढावीत यावर भर आहे, आणि आपण चार दिवस लळा लावून निघून जायचं म्हणजे त्या पोरांनी काय करायचं? त्यापेक्षा तिथल्याच संडेस्कूल टीचरना शिकवण्याचं साहित्य द्यावं, त्यांच्या हाताखाली काम करावं असं वाटतं. हे सीनियर मंडळींना न दुखावता कसं सांगू?

आणि घरी लुओ बोलणाऱ्या लहान मुलांना इंग्लिश गोष्ट कितपत कळते, का दुभाषा लागेलच? अ‍ॅक्शन साँग्ज मराठीतलीच घेतली तर चालतील का?