ईकोच्या कॅरिअरवर सरकती शिडी कशी बांधता? परवा थोडक्यात वाचलो

पसरणीचा_फिटर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात सीसीटीव्ही आणि सोलर वॉटर हीटरची कामं करतो. गाडी ईको, वर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेलं साधं कॅरिअर आणि त्यावर अॅल्युमिनियमची दोन भागांची शिडी, उघडली की २० फूट, बंद केली की साडेदहा. आजवर नायलॉनच्या दोरीचे पुढे दोन नि मागे दोन वेढे मारून फिरलो, कधी काही झालं नाही. परवा पाचगणीहून पसरणी घाट उतरताना वळणावर माकड आडवं आलं, करकचून ब्रेक मारला तर शिडीचा आतला भाग सपकन सरकून बॉनेटच्या वर हातभर लोंबायला लागला! गंमत म्हणजे दोरी सुटली नव्हती, रुंद भाग जागच्या जागी होता. समोर टू-व्हीलर असती तर... नको तो विचार. आता रॅचेट बेल्ट (हँडल खटखट करून आवळायचा पट्टा) घ्यावा का? कुठला? दिवसातून चार-पाचदा शिडी काढघाल असते त्यामुळे बांधायला अर्धा तास लागणारं काही सांगू नका. बजेट दोनेक हजार.

जुना_लाइनमन
दादा, दोरी सुटली नाही यातच उत्तर आहे. तुम्ही शिडी बांधली ती अर्धीच. दोरीचा ताण सगळा रुंद भागाच्या दांड्यांवर आला, आतला भाग त्याच्या खोबणीत मोकळाच राहिला. त्याचे जे खटके असतात ते शिडी उभी असताना वरचा भाग खाली घसरू नये म्हणून असतात, उलट्या दिशेला तो बाहेर सरकायला मोकळा असतो. त्यामुळे बेल्ट कुठला ते नंतर, आधी दोन्ही भागांच्या पायऱ्या जिथे एकावर एक येतात तिथे दोन्ही पायऱ्या मिळून एक छोटा पट्टा घट्ट आवळा, पुढे एक मागे एक. दोन मिनिटांचं काम आहे. मग अख्खी शिडी कॅरिअरला.

गॅरेजवाला_भाऊ
+१ लाइनमन काका. आणि शिडीचे रबरी पाय पुढे करून ठेवा, टोक मागे. मग ब्रेक मारला तर आतला भाग खटक्यांवर अडतो.

जुना_लाइनमन
भाऊ तुमचं बरोबर आहे पण म्हणून पट्टा टाळता येत नाही हं, चढाला तोच भाग मागे घसरायला बघतो आणि मागून येणाऱ्याच्या काचेत जाईल. पाय पुढे ठेवा आणि पट्टाही बांधा.

रंगवाली_कोथरूड
आमची पेंटिंगची कामं, दोन गाड्या, तीन शिड्या, त्यामुळे बोलू शकते 😀 रॅचेट घेऊ नका असं नाही पण अॅल्युमिनियमच्या शिडीवर पोरं तो खटखट करत इतका आवळतात की दांडा दबतो, आमची एक शिडी अशीच वाकडी झाली आणि मग आतला भाग सरकेनाच. रोजच्या काढघालीला २५ एमएमचा साध्या बकलचा पॉलिएस्टर पट्टा बरा, हातानं ओढायचा, जेवढा हाताचा जोर तेवढाच आवळतो. नायलॉनची दोरी पावसात भिजली की ताणली जाते, सकाळी टाइट आणि दुपारी ढिली, पॉलिएस्टर तेवढं ताणत नाही. आणि तो हुकवाला इलॅस्टिक दोर चुकूनही नको, तो धरत नाही, नुसता झुलवतो. पट्टा नुसता शिडीवरून टाकू नका, पायरीच्या खालून घेऊन कॅरिअरच्या आडव्या पाइपला वेढा द्या. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या म्हणजे हायवेला तो भुंग्यासारखा आवाज येत नाही (हे मला सहा महिने कळलं नव्हतं, मी गाडीचं दार तीनदा दाखवून आले!)

खंबाटकी_एक्सप्रेस
सुतळीनं बांधा, देवाचं नाव घ्या 😂

पसरणीचा_फिटर
@खंबाटकी आजवर तेच चाललं होतं भावा
@ताई पट्टे तसेच घेतो. पण मग ब्रेकला अख्खी शिडीच पुढे सरकली तर? पट्टा शेवटी दाबूनच धरणार ना.

गॅरेजवाला_भाऊ
म्हणून कॅरिअरच्या पुढच्या पाइपवर अँगलचे (एल आकाराच्या लोखंडी पट्टीचे) दोन तुकडे उभे वेल्ड करून घ्या, चार-पाच इंचाचे, शिडीच्या दोन्ही पायांसमोर येतील असे. जोरात ब्रेक लागला तर १८ किलोची शिडी जवळपास तेवढ्याच वजनानं पुढे रेटा देते, तो रेटा पट्ट्याऐवजी लोखंडानं घेऊ दे. अँगलला जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, आडव्या पाइपांनाही, नाहीतर खड्ड्याखड्ड्याला खणखणाट आणि शिडीला चरे. आणि कॅरिअरचे क्लॅम्प तपासा राव, शिडी कॅरिअरला घट्ट आणि कॅरिअर छताला ढिलं, असं मी आठवड्यातून एकदा तरी बघतो.

विदर्भाचा_वाघ
वारा विसरू नका. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, गावात ४० ला जे टिकतं ते हायवेला ८० ला टिकेलच असं नाही. निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून एकदा पट्टे हातानं ओढून बघायचे, पहिल्या खड्ड्यांत सगळं बसतं आणि ढिलं होतं.

आरटीओ_पीडित
शिडी गाडीबाहेर जात नाही ना हेही बघा. ईकोची लांबी ३६७५ मिमी म्हणजे बारा फूट, तुमची साडेदहाची मावते, पण पुढे-मागे सारखी ठेवली तरच. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ए) मध्ये माल मर्यादेबाहेर निघाला तर २० हजार दंड आहे, वर माल उतरवायचा खर्चही तुमचाच. मागे लाल फडकं लावलं म्हणजे चालतं असा बऱ्याच जणांचा समज आहे, माझाही होता.

रंगवाली_कोथरूड
आणि रात्री शिडी वरच राहणार असेल तर पायरीतून साखळी आणि कुलूप. पट्टा कुणीही कापून नेतो.

पसरणीचा_फिटर
अपडेट. अँगल लावले, वेल्डिंगवाल्यानं ३०० घेतले. चार पट्टे आणले, दोन पायऱ्यांना, दोन कॅरिअरला, पीळ देऊन. घड्याळ लावून बघितलं, बांधायला तीन मिनिटं. काल वाईच्या अलीकडे मोकळा रस्ता बघून मुद्दाम दोनदा जोरात ब्रेक मारला, शिडी हलली नाही, मागची टूलबॅग मात्र उडून माझ्या सीटवर आदळली. आता तिला कशानं बांधू सांगा 🙏