मदत हवी आहे: नॉन-क्रिमीलेयरचा अर्ज 'प्रलंबित', पण कुणाकडे आणि कशासाठी?

नमस्कार मंडळी. घाईत धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही ऐरोलीत राहतो. लेक बारावी झाली, इंजिनियरिंगच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या तोंडावर आल्यात. फॉर्म ओबीसीतून भरलाय, म्हणजे नॉन-क्रिमीलेयर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) लागणारच. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला. अडकलाय तो पुढचा, प्रांतांच्या (उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) सहीचा. अर्ज स्टेशनजवळच्या एका सेवा केंद्रातून टाकला होता. पावती आहे, तिच्यावर अर्ज क्रमांक आहे, दाखला कधी मिळेल ती तारीखही छापलेली आहे. ती तारीख उलटून गेली.

'आपले सरकार' या सरकारी पोर्टलवर विभाग, उपविभाग, सेवा असं सगळं निवडून क्रमांक टाकला की एकच शब्द दिसतो: प्रलंबित. केंद्रवाला म्हणतो, "साहेबांच्या लॉगिनला आहे." कार्यालयातले म्हणतात, "केंद्रातून बघा, आमच्याकडे कागद येत नाही." कागद येत नाही हे खरंच. पण पूर्वी निदान शिपाई तरी सांगायचा की फाईल अमक्या टेबलावर पडलीय. आता सगळं ऑनलाइन, पारदर्शक, आणि मला माझाच अर्ज दिसत नाही.

अर्ज नेमका कुठल्या टप्प्यावर अडकलाय हे मला स्वतःला बघता येतं का? आणि नवीन अर्ज टाकू की याच्याच मागे लागू? एसएमएस एकही आलेला नाही. शेजाऱ्यांना म्हणे येतात.

कोलशेतकर
पावतीवर मोबाईल नंबर कुणाचा आहे ते आधी बघा. बऱ्याच केंद्रांत घाईच्या दिवसांत ऑपरेटर स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो. मग सगळे मेसेज त्याला जातात आणि त्याच्याकडे असे शेकडो पडलेले असतात. एखादा अर्ज त्रुटी काढून परत आला तरी त्याच्या लक्षात येईलच असं नाही.

पामबीच_वॉकर
जिल्हा बरोबर निवडलाय ना? पत्त्यात 'नवी मुंबई' लिहिलं की निम्मे लोक गोंधळतात. दिघा ते बेलापूर पट्टा ठाणे जिल्हा, ठाणे तालुका. खारघर-पनवेल रायगडात. माझ्या मेहुण्याचा अर्ज यावरूनच फेटाळला होता.

धागाकर्ता
जिल्हा ठाणेच आहे, तपासलं. मोबाईल नंबर मात्र माझा नाही! शेवटचे चार आकडे वेगळे आहेत. उद्या सकाळी जाऊन धरतो त्याला.

तिखटमीठ
माहिती अधिकार टाका. 10 रुपयांत काम. ऑनलाइन होतो.

नौपाड्याची_मावशी
तिखटमीठ, उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तोवर प्रवेश फेऱ्या संपतील. इथे त्याचा उपयोग नाही. नंतर 'माझ्या अर्जावर कुठल्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याने काय शेरा मारला' हे मागायला जरूर वापरा, तेव्हा ते कामाचं हत्यार आहे.

आणि कुणी 'आपले सरकारवर तक्रार टाका' म्हणेल, तर हे लक्षात घ्या की त्या नावाची पोर्टलं दोन आहेत. एक तक्रार निवारणाचं, जानेवारी 2015 मध्ये सुरू झालेलं, तिथे 21 दिवसांत उत्तर देण्याचं आश्वासन आहे. दुसरं दाखल्यांचं, म्हणजे लोकसेवा हक्काचं. तुमचा अर्ज दुसऱ्यावर आहे, तर अपीलही दुसऱ्यावरच करायचं. पहिल्यावर टाकलेली तक्रार फिरत फिरत त्याच कार्यालयात येते, वेळ जातो तो तुमचा.

आता मुद्द्याचं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली हा दाखला अधिसूचित सेवा आहे. पोर्टलवर सेवांच्या यादीत प्रत्येक सेवेसमोर मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा द्यायची जबाबदारी ज्याची तो), प्रथम आणि द्वितीय अपील अधिकारी यांची पदनामं दिलेली असतात. ते पान उघडून स्क्रीनशॉट घ्या. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. तिथेही दाद लागली नाही तर द्वितीय, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग. कसूर सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटेल, पण सरकारी माणसाला दंडापेक्षा त्याची नोंद जास्त बोचते. मी महसूल खात्यातूनच निवृत्त झालेय, हे अनुभवाने सांगते.

नवीन अर्ज मात्र आत्ता टाकू नका. एकाच दाखल्याचे दोन अर्ज दिसले की समोरच्याला पहिला बाजूला ठेवायला आयतं कारण मिळतं.

धागाकर्ता
केंद्रात जाऊन आलो. त्याच्यासमोर उभं राहून लॉगिन उघडायला लावलं. अर्ज केव्हाचाच परत आलेला! शेरा: 'शिधापत्रिका अस्पष्ट, सुधारित प्रत जोडावी.' साहेबांच्या लॉगिनला वगैरे काही नव्हता, याच्याकडेच होता. स्कॅन पाहिलं तर खरंच नावं वाचता येत नव्हती.

नवीन प्रत तिथल्या तिथे चढवायला लावली आणि स्क्रीनचा फोटो काढला. आता प्रश्न असा की तारीख परत पहिल्यापासून मोजणार का? आणि अपील अजूनही करू का, की चूक केंद्राची म्हणून गप्प बसू?

फाटक_बंद_आहे
स्कॅन सगळ्यांचीच अशी होतात. पोर्टलला कागद 75 ते 500 केबीच्या मापात लागतो, रेशनकार्डाच्या दोन-तीन पानांचा एकच फोटो करून दाबला की अक्षरं गेलीच. पान-पान वेगळं, उजेडात, मग एकत्र पीडीएफ. ऑपरेटरवर सोडू नका.

खरं तर केंद्रात जायचीच गरज नाही. स्वतःच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन नोंदणी करा, अर्ज घरून टाका. त्रुटी निघाली तर शेरा थेट तुम्हाला दिसतो. आमच्या घणसोलीत मी सोसायटीतल्या सगळ्यांना हेच करायला लावतो. ज्येष्ठांना जमत नाही हे मान्य, पण तेव्हा निदान नंबर तरी त्यांचा टाका की!

नौपाड्याची_मावशी
दादा, अपील लगेच नको. त्रुटीची पूर्तता आत्ता झालीय, लेखी अर्ज घेऊन प्रांत कार्यालयात जा: अर्ज क्रमांक, पूर्ततेची तारीख, कॅपची शेवटची तारीख, सोबत पावती आणि तुमच्या स्क्रीनचा फोटो. आवक शिक्का मारून पोच घ्या. प्रवेशाच्या काळात अशा अर्जांना आधी हात लावतात, पण कुणीतरी समोर ठेवावं लागतं. मुदत पुन्हा मोजली असं तोंडी सांगितलं तर तेही लेखी मागा. त्यानंतरही हललं नाही तर अपील, आणि त्यात ही पोच जोडा.

केंद्राची तक्रार वेगळी करा, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सेतू शाखेकडे, म्हणजे सेवा केंद्रांचं काम बघणाऱ्या शाखेकडे. अर्जदाराऐवजी स्वतःचा नंबर टाकणं हा साधा मुद्दा नाही. तुमच्यासारखे आणखी किती जण त्याच लॉगिनमध्ये 'प्रलंबित' आहेत कोण जाणे.

दाखला उशिरा आला तर प्रवेशाचं काय, हे सीईटी कक्षाच्या (प्रवेश परीक्षा आणि फेऱ्या घेणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या) यंदाच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. अर्जाची पावती तात्पुरती चालते का आणि मूळ दाखल्याची शेवटची तारीख कोणती, दोन्ही बघा. ती चुकली तर अर्ज खुल्या प्रवर्गात जातो.

धागाकर्ता
मावशी, मनापासून आभार. उद्या शिक्का घेऊन येतो. माहितीपुस्तिका लेक वाचतेय.

पामबीच_वॉकर
जाताना झेरॉक्स दोन प्रती न्या. तिथलं मशीन बंद असतं.