सरपंचबाईले छळणं म्हणजे अभिव्यक्ती काय?

कास्तकार: वर एका भावानं लिहिलं, "खुर्चीवर बसली त आयकून घ्या लागते, नाहीतर राजीनामा द्या." पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीले आलेला पैसा कुठं गेला हे शंभरदा विचारा ना! ई-ग्रामस्वराज या पंचायतीच्या हिशोबाच्या सरकारी वेबसाइटवरचं व्हाउचर टाका, नाली दाखवा म्हणा. पण हिशोब मागता मागता बाईचा नंबर चार व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवणं, रात्री फोन लावणं, फोटो जोडून भलतंसलतं पाठवणं, हे कोणत्या खात्यात बसते?

बांधावरचा: झालं सुरू! उद्या 'नाली कुठं हाये' हाच छळ ठरन. आयटी कायद्याचं कलम ६६अ विसरले काय? २०१२ मंधी पालघरच्या दोन पोरी फेसबुक पोस्टसाठी पोलिसांनी उचलल्या. त्या कलमातल्या 'त्रासदायक' या शब्दात काहीबी बसे. २०१५ ले सुप्रीम कोर्टानं कलम उडवलं, तवा सुटलो.

अर्जनवीस: ६६अ गेलं, बाकीची आहेत. बाईनं नको म्हटल्यावरही पुरुष मेसेज करतच राहिला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पाठलागाचं. नाव लपवून धमकी, ३५१(४). नुसती बदनामी ३५६, अदखलपात्र, म्हणजे पोलीस थेट अटक करू शकत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे अशा तक्रारीची नोंद मिळते, पुढं मॅजिस्ट्रेटकडे तक्रार. केस फसते पुराव्यात. लोक रागात चॅट साफ करतात. नंबर नावानं सेव्ह असला की स्क्रीनशॉटमध्ये नावच येतं. प्रोफाइल उघडून नंबरचाही घ्या. चॅट एक्स्पोर्ट करा, मूळ मोबाइल विकू नका, मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

ग्रुपवाला: पोलीस पहिले अॅडमिनलेच बोलावतात, त्याचं काय? म्हून गावच्या ग्रुपवर 'फक्त अॅडमिन' लावलं, बाकीच्यायले लिहिता येत नाही.

अर्जनवीस: मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल वाचा, प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलंच. समान हेतू दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी अॅडमिन गुन्हेगार नाही.

बांधावरचा: मंग कुलूप कायले? एकजण घाण टाकते, तोंड साऱ्या गावाचं बंद! अॅडमिनले त्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येते.

ग्रुपवाला: डिलीट केला त तुमीच म्हणसान, पुरावा खाल्ला!

अर्जनवीस: आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट. एवढंच.

कास्तकार: अन् वर्षाच्या चार ग्रामसभा कायले हायेत? तिथं विचारा.

बांधावरचा: ग्रामसभा! रजिस्टर घरोघरी फिरते, सह्या झाल्या की सभा झाली. माहिती अधिकाराचा अर्ज द्या त तीस दिवस वाट पाहा. फोन-फोटोचं मानलं, जा, खुश? पण 'चोर' म्हणू नोको काय?

कास्तकार: व्हाउचर हातात धरून 'पैसे खाल्ले' म्हणा. हात रिकामा असन त ३५६ तुमच्यावर.

बांधावरचा: प्रश्न बाईले विचारला त उत्तर नवरा देते, अन् धमकीबी तोच देते. त्याच्यावर कोणतं कलम?

ग्रुपवाला: ग्रुप उघडतो. नवऱ्याचा नंबर कोणी टाकू नका.