डायनॅमोची ॲम्बेसेडर: हेडलाइट लावले की लाल दिवा मंद पेटतो, बॅटरी उतरते

मार्क२_धरमपेठ
नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची ॲम्बेसेडर मार्क २, १२ व्होल्ट, लुकासचा डायनॅमो (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा जुना जनरेटर), आरबी १०६ कंट्रोल बॉक्स (त्यात व्होल्ट सांभाळणारा रेग्युलेटर आणि डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा कटआउट असतो). दिवसा थोडी रेस दिली की इग्निशनचा लाल दिवा विझतो. रात्री हेडलाइट लावले की नागपूरच्या वर्धा रोडवर ५० च्या स्पीडलाही तो मंद पेटून राहतो. उभ्या गाडीत रेस देऊन, हेडलाइट लावून मोजलं तर बॅटरीवर १२.२ व्होल्टच्या वर जात नाही. बॅटरी नवीन आहे, बाहेरून चार्ज केली की टिकते. फॅन बेल्टही नवीन. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, डायनॅमो काढा आणि अल्टरनेटर टाका. गाडी मूळ रूपातच ठेवायची आहे. तपासणी कुठून सुरू करू? मल्टिमीटर आहे, ॲम्पिअर मीटर नाही.

कटआउट_सक्करदरा
भाऊ, अल्टरनेटरचा विचार सध्या बाजूला ठेवा. आधी दोष डायनॅमोत आहे की बॉक्समध्ये, हे वेगळं करा. ते न करता सामान बदललं तर पैसे जातील आणि दोष तिथेच राहील.

लाल दिवा एका बाजूने इग्निशनला आणि दुसऱ्या बाजूने डायनॅमोच्या डी टर्मिनलला जोडलेला असतो. दोन्हीकडे सारखे व्होल्ट असले की तो विझतो. स्लो रनिंगवर, म्हणजे व्हरायटी चौकात सिग्नलला उभं असताना तो पेटला तर काळजी नको, डायनॅमो तेवढ्या फेऱ्यांवर चार्ज देतच नाही. पण स्पीडला मंद पेटतो म्हणजे दोन्ही बाजूंत व्होल्टचा फरक आहे. डायनॅमो पूर्ण बंद असता तर दिवा लख्ख पेटला असता.

आता डायनॅमो एकटा तपासा. त्याच्यावरच्या दोन्ही वायरी काढा: मोठं टर्मिनल डी, लहान एफ. उघड्या तांब्याच्या तारेने डी आणि एफ एकमेकांना जोडा. मीटरचं एक टोक त्या तारेला, दुसरं डायनॅमोच्या अंगाला. इंजिन चालू करून रेस अगदी हळू वाढवा. व्होल्ट न अडखळता भराभर चढले पाहिजेत. २० च्या वर जाऊ देऊ नका, तिथे रेग्युलेटर नाही, वाइंडिंग जळेल.

काहीच आलं नाही तर कार्बन ब्रश अडकलेत किंवा संपलेत. अर्धा ते एक व्होल्टवर थांबलं तर फील्ड कॉइल (चुंबकत्व तयार करणारी स्थिर वाइंडिंग) खराब. चार-पाच व्होल्टवर थांबलं तर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) खराब. शेवटी तार काढून एफ टर्मिनल ते अंग असा रेझिस्टन्स मोजा. लुकासच्या सी ४० मॉडेलच्या डायनॅमोला तो साधारण ६ ओहम हवा.

मार्क२_धरमपेठ
केलं. व्होल्ट सरळ १८ पर्यंत चढले, तिथे थांबवलं. फील्ड ६.१ ओहम. नंतर वायरी परत जोडून, हेडलाइट लावून, रेस देऊन बॉक्सवर मोजलं: डी वर १४.३ आणि ए (बॅटरीकडे जाणारं टर्मिनल) वर १२.२.

कटआउट_सक्करदरा
मग डायनॅमोला हात लावू नका, तो ठणठणीत आहे. दोन व्होल्ट बॉक्सच्या आत, डी ते ए या वाटेत जाऊन राहिले. अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसला की ती वाट खराब समजायची. या वाटेत कटआउटचे पॉइंट आहेत, टर्मिनलचे स्क्रू आहेत आणि मागच्या बाजूचे रिव्हेट आहेत. दिवसा करंट कमी वाहतो म्हणून दोष दिसत नाही. हेडलाइट लावले की करंट वाढतो, त्याच खराब जागी व्होल्ट पडतात आणि लाल दिवा पेटतो.

आधी बॅटरीची वायर सोडवा. मगच कव्हर काढा. कटआउटचे पॉइंट साफ करायला बारीक काचपेपरची पट्टीच घ्या. एमरी किंवा कार्बोरंडम तिथे चालत नाही. त्याचे कण मऊ पॉइंटमध्ये रुततात आणि पुन्हा रेझिस्टन्स तयार होतो. रेग्युलेटरच्या पॉइंटला मात्र बारीक कार्बोरंडम चालतो. शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. रिव्हेट हिरवे पडलेले किंवा ढिले दिसले तर बॉक्स उतरवून नीट साफ करून घ्या.

ई टर्मिनलची अर्थ वायरही घट्ट बघा. ती सुटली की रेग्युलेटरची कॉइल काम करत नाही, व्होल्ट बेफाम चढतात, बल्ब उडतात आणि बॅटरी उकळते.

जुनी_वायरिंग
वरचं सगळं बरोबर. एकच कळकळीची विनंती: पॉइंट साफ केल्यावर लगेच ॲडजस्टिंग स्क्रू फिरवू नका. आधी मोजा. ए आणि ए१ (गाडीच्या दिवे वगैरे लोडकडे जाणारं टर्मिनल) च्या वायरी बॉक्सवरून काढून एकमेकींना जोडा आणि टेप गुंडाळा, त्या जिवंत असतात, बॉडीला लागल्या तर ठिणगी उडेल. मीटर डी आणि ई मध्ये लावा. रेस हळूहळू वाढवली की आकडा चढून एका जागी स्थिर होतो. २० अंशांना तो १६ च्या आसपास येतो. लोड नसताना मोजतो म्हणून हा आकडा नेहमीच्या चार्जिंगच्या १४.४ पेक्षा मोठा दिसतो, घाबरून कमी करू नका. अर्ध्या मिनिटाच्या आत मोजून संपवा, कॉइल गरम झाली की आकडा बदलतो.

आपल्या नागपुरात याला महत्त्व आहे. मे महिन्यात भर दुपारी, बॉनेटखाली तापलेल्या बॉक्सवर सेटिंग करू नका. हा रेग्युलेटर उष्णतेत स्वतःच व्होल्ट खाली आणतो. गरम असताना स्क्रू वर चढवून ठेवला तर थंडीत बॅटरी जास्त चार्ज होईल. पहाटे, गाडी थंड असताना करा. कटआउट १२.७ ते १३.३ व्होल्टला जुळला पाहिजे, आणि इंजिन मंदावलं की ११ ते ८.५ च्या दरम्यान सुटला पाहिजे.

सदर_६८
हेडलाइटला बल्ब कोणते आहेत? सी ४० चा डायनॅमो जास्तीत जास्त २२ ॲम्पिअर देतो, जुना सी ३९ असेल तर १९. अंगावर नंबर कोरलेला असतो. ६०/५५ वॅटच्या जोडीला अप्परवर साधारण १० ॲम्पिअर लागतात. टेल, मीटरचे दिवे आणि इग्निशन कॉइल मिळून आणखी सहा-सात. पावसात वायपर लागला की काठावर येतं. १००/९० बसवले असतील तर हेडलाइटच १६-१७ खातात. मग कटआउट कितीही चकाचक करा, बॅटरी उतरणारच. त्या ओझ्याने आर्मेचर तापून कॉम्युटेटरजवळचं (ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागाजवळचं) सोल्डर वितळून बाहेर फेकलं जातं. डायनॅमोच्या आतल्या भिंतीवर चंदेरी शिंतोडे दिसले तर तेच.

मार्क२_धरमपेठ
बल्ब ६०/५५ आहेत. पॉइंट काळे पडले होते, ए चा एक रिव्हेटही ढिला होता. साफ करून बसवल्यावर हेडलाइटसकट डी १४.१, ए १३.८. दिवा पूर्ण विझला. लोड काढून सकाळी १५.९ आलं, स्क्रूला हात लावला नाही. बॉक्स काढला होता म्हणून डायनॅमोला परत फ्लॅश द्यावा (म्हणजे बॅटरीने चुंबकत्व भरावं) लागतो का?

जुनी_वायरिंग
नाही, चार्ज येतोय म्हणजे डायनॅमोतलं चुंबकत्व शाबूत आहे. फील्ड कॉइल बदलली, डायनॅमो फार दिवस पडून राहिला किंवा बॅटरीची अर्थ पॉझिटिव्हवरून निगेटिव्हवर केली, तरच फ्लॅश द्या. एफ ची वायर काढून, बॅटरीच्या जिवंत टोकापासून एक तार एफ टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवायची. वायर जोडलेली ठेवून कधीच नाही, रेग्युलेटरचे पॉइंट चिकटतील. आणि डायनॅमोच्या मागच्या बुशच्या छिद्रात इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा, जास्त नको. जास्तीचं तेल कॉम्युटेटरवर येतं आणि कार्बन चिकटतात.