उमेदवाराची वेबसाइट बघून मत ठरवायचं का? नाशिककरांनो बोला

गोदाकाठची
महापालिकेची निवडणूक १५ जानेवारीला एकदाची झाली. २०१७ नंतर डायरेक्ट २०२६, मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. कोण आलं कोण पडलं तो विषय नाही, कृपया त्यावर घसरू नका. विषय हा की आमच्या घरात मतदानाच्या आदल्या रात्री जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही, म्हणून इथे टाकतेय.

आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे अ ब क ड अशी चार मतं द्यायची, आणि एकेका जागेला इतके उमेदवार की निम्म्यांची नावं मी पहिल्यांदा बॅनरवरच वाचली. प्रचाराला दारात येतात ते बहुतेक वेळा कार्यकर्ते, पत्रक देतात, "ताई लक्ष असू द्या" म्हणतात आणि पुढच्या जिन्याला. मग मी काय केलं, ज्यांच्या ज्यांच्या वेबसाइट्स सापडल्या त्या शेवटच्या पानापर्यंत वाचून काढल्या. मुख्य पान सगळ्यांचं एकसारखं असतं, हात जोडलेला फोटो, वर नेत्यांचे गोल गोल फोटो, खाली कार्यसम्राट. ते सोडून द्यायचं. मी बघते ते एवढंच की हा माणूस जे देतो म्हणतोय ते नगरसेवकाच्या हद्दीतलं आहे का. एकाने मेट्रो, नाशिक-पुणे रेल्वे, आयटी पार्क सगळं लिहिलेलं. अहो मेट्रो निओ २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये २,०९२ कोटींची जाहीर झाली होती, ती अजून रस्त्यावर नाही, आणि तुम्ही प्रभागातून आणणार? दुसऱ्या एका बाईंनी मात्र आमच्या कॉलनीमागचा नाला कुठे अरुंद झालाय, पावसाळ्यात पाणी नेमकं कुठून घुसतं, घंटागाडी कुठल्या गल्लीत वळत नाही, असं लिहिलेलं. फोटो पण स्वतः चिखलात उभं राहून काढलेले. पक्ष न बघता मी एक मत त्यांना दिलं.

नवरा म्हणतो हा येडेपणा आहे. साइट कुणीतरी पोरगं बनवून देतं, त्यावरून माणूस कसा कळणार. तुम्हाला काय वाटतं?

जेलरोडकर
ताई, भावजी बरोबर बोलतायत. ते 'कुणीतरी पोरगं' म्हणजे मीच 😄 म्हणजे तुमच्या प्रभागाचं नाही, पण मी याच धंद्यात आहे.

आतली गोष्ट सांगतो. शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं अधिकृत तिकीट, कुणाला मिळणार माहीत नाही, चिन्ह मिळाल्यापासून मतदानाला दोन आठवडे पण नव्हते. मग पॅकेज जातं: रील, बल्क मेसेज, वाढदिवसाची जुनी बॅनरं साफ करून देणे आणि वर साइट फ्री. टेम्प्लेट एकच. मजकूर कोण देतं? कोणीच नाही. साहेबांचा माणूस व्हॉट्सअपवर दीडशे फोटो टाकतो, त्यातले शंभर दहीहंडीचे, आणि म्हणतो "तूच लिही काहीतरी चांगलं." आता तर एआयला सांगायचं, प्रभागातल्या पाच समस्या दे, तो देतो. 'आमचं व्हिजन' तर मागच्या क्लायंटचंच असतं, नाव आणि प्रभाग क्रमांक बदलला की झालं. एकदा तर दुसऱ्या गावातल्या मंदिराच्या सभामंडपाचं काम तसंच राहून गेलं, साइट चार दिवस लाइव्ह, एका माणसाने विचारलं नाही. साहेबांनी सुद्धा नाही!

तेव्हा ताई, तुम्ही ज्याला मत दिलं तो उमेदवार नसून माझ्यासारखा कोणीतरी असू शकतो.

गोदाकाठची
@जेलरोडकर दादा, मग मला कळलंच की! स्वतःच्या नावाची साइट चार दिवसांत एकदा उघडून वाचली नाही, हा माणूस महासभेत दोनशे पानांची विषयपत्रिका वाचणार? तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष दिलीत.

आणि एआय समस्या देतो ते ठीक, पण त्या समस्या कुठल्याही शहराच्या असतात. खड्डे, पाणी, कचरा. आमच्या नाल्याचं तोंड कुठे दाबलंय ते एआयला काय ठाऊक, तिथे कुणालातरी जावं लागलं ना.

सिडकोवाला_भो
अरे भो कोणती दुनिया ही. आमच्याकडे ज्याच्या साइटचा तुम्ही विचार करताय त्याला ईमेल पण नाही. पण चेंबर तुंबलं, ढापा तुटला, फोन लावला की सकाळी सहाला स्वतः स्कूटीवर हजर, सोबत महापालिकेचा माणूस. रात्री दवाखान्यात बेड पाहिजे, फोन. पोराचा दाखला अडकला, फोन. अंबडला कंपनीत सेकंड शिफ्ट करून आलेला माणूस रात्री बारा वाजता 'आमचं व्हिजन' वाचणार का? साइट बघून मत देणं हे कॉलेज रोड गंगापूर रोडचे लाड आहेत, राग मानू नका.

गोदाकाठची
राग नाही भाऊ, पण मी गंगापूर रोडची नाही, पंचवटीतली आहे 🙂 आणि फोन कुणाचा उचलला जातो हा पण प्रश्न आहेच. ओळखीच्याचा उचलतात. भाड्याने राहणाऱ्या नव्या माणसाचा उचलतात? साइट निदान सगळ्यांना सारखी दिसते.

सिडकोवाला_भो
नंबर फ्लेक्सवर असतो ताई, कोणीपण लावा. उचलला नाही तर पाच वर्षांनी आपणही उचलायचं नाही, हिशोब क्लिअर.

सराफबाजार_काका
दोघंही भलत्या ठिकाणी शोधताय. वेबसाइट म्हणजे उमेदवार स्वतःबद्दल जे मिरवायला तयार आहे ते. मिरवायचं नसलेलं शपथपत्रात मिळतं. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा ठासून सांगितलं की गुन्हे, मालमत्ता, देणी, शिक्षण हे जाणून घेणं मतदाराचा हक्क आहे, सगळ्या राजकीय पक्षांनी मिळून तो हाणून पाडायचा प्रयत्न केला होता त्या काळात, आठवतंय का कुणाला? २०१३ पासून तर निवडणूक आयोग सोशल मीडियाची खाती पण शपथपत्रात लिहायला लावतो, आणि इंटरनेटवरच्या प्रचाराचा खर्च, मजकूर तयार करणाऱ्यांच्या पगारासकट, निवडणूक खर्चात धरतो. (जेलरोडकर, तुमची 'फ्री' साइट खर्चात कशी दाखवतात हो? सहज विचारतोय.)

आणि वेबसाइटचाच विषय आहे तर ऐका. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की लोकसभा-विधानसभेला गुन्हे दाखल असलेला उमेदवार दिला तर पक्षाने ते गुन्हे आणि त्यालाच का निवडलं, दुसरा स्वच्छ माणूस का नाही मिळाला, हे स्वतःच्या वेबसाइटवर टाकायचं. निवडून येण्याची क्षमता आहे एवढंच कारण चालणार नाही, हेही सांगितलं. बिहारच्या निवडणुकीत नीट पाळलं नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये आठ पक्षांना दंड झाला, काहींना एक लाख, दोघांना पाच लाख, आणि मुख्य पानावरच ही माहिती ठळक दिसली पाहिजे असा आदेश झाला. आता सांगा, इथल्या किती जणांनी ते पान कधी उघडलंय? चिखलातले फोटो बघायला वेळ आहे.

गोदाकाठची
काका, शपथपत्र मी पण बघते. पण त्यात माणूस काय होता ते कळतं, काय करणार ते नाही. माझ्या चार जागांवर दोन उमेदवार असे होते की दोघांवर गुन्हा नाही, दोघांचं एक घर एक गाडी थोडं सोनं. मग पुढे काय, छापा काटा?

सराफबाजार_काका
मग चौकशी करायची. चार माणसांना विचारायचं. आम्ही तेच करत आलो.

इंदिरानगरी_मास्तर
मूळ लेखिकेच्या नियमातच गडबड आहे असं मला वाटतं. 'नगरसेवकाच्या हद्दीतलं' म्हणजे नेमकं काय? कायद्याने अंमलबजावणी आयुक्तांकडे. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना घरपट्टीच्या करमूल्य वाढीवरून महासभा आणि आयुक्त यांच्यात केवढं जुंपलं होतं, अविश्वास ठरावापर्यंत गेलं, आणि तेव्हा एकाच पक्षाचं स्पष्ट बहुमत होतं, १२२ पैकी ६६. बहुमत असून ही अवस्था, तर एकटी नगरसेविका तुमच्या नाल्याचं काय करणार? प्रस्ताव देईल, प्रभाग समितीत बोलेल, बजेटमध्ये तरतूद मागेल, निविदा निघेल तेव्हा निघेल. तिने साइटवर लिहिलं "नाला मोठा करणार", तेही मेट्रोइतकंच तिच्या हातात नाही. फक्त छोटं आहे म्हणून खरं वाटतं.

गोदाकाठची
मास्तर, हा मुद्दा आवडला पण पटला नाही. त्यांनी "करणार" असं लिहिलेलं नव्हतं, प्रभाग समितीत पाठपुरावा करणार, नाहीतर तरतुदीसाठी महासभेत मागणी, असं होतं. म्हणजे वाट कुठून जाते हे तरी ठाऊक आहे. मेट्रोवाल्याला तेही ठाऊक नाही, किंवा ठाऊक आहे आणि आपल्याला येडं समजतोय. आयोगानेच तर पक्षांना सांगून ठेवलंय की जाहीरनाम्यात आश्वासनामागचं कारण द्या आणि पैसा कुठून येणार ते ढोबळ तरी सांगा. मी तेच प्रभागाला लावलं.

अजून एक राहिलं. साइटवर काय नाही हे मी जास्त बघते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तपोवनातल्या झाडांवरून शहरात काय वातावरण होतं, कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाचं साधुग्राम उभारायला अठराशेच्या आसपास झाडं जाणार म्हणून लोक रस्त्यावर उतरलेले. मी वाचलेल्या साइट्सवर कुंभमेळा सगळीकडे, घाटाचे ड्रोन फोटो, भगवे झेंडे. झाडांबद्दल बाजूने नाही, विरोधात नाही, एक ओळ नाही. आणि आम्ही तर तिथून हाकेच्या अंतरावर राहतो!

जेलरोडकर
ते मी सांगतो, कारण आम्हालाच सांगितलेलं असतं: "वादाचं काही टाकू नको." ही पहिली सूचना. दुसरी, फोटोत पोट दिसू देऊ नको.

न्यूजर्सीतून_नाशिककर
इथे अमेरिकेत उमेदवाराच्या साइटवर मुद्द्यांचं वेगळं पान असतंच, पत्रकार तेच पकडून प्रश्न विचारतात. सुरुवात मात्र गमतीची झाली. १९९६ च्या डिबेटमध्ये बॉब डोल यांनी शेवटी आपल्या साइटचा पत्ता सांगितला आणि त्यातला एक डॉटच खाल्ला, तरी लोकांनी शोधून काढली. आपल्याकडे पण तीस वर्षांत

न्यूजर्सीतून_नाशिककर
अर्धवट गेलं. आपल्याकडे पण तीस वर्षांत व्हायला हरकत नाही असं म्हणायचं होतं.

सिडकोवाला_भो
दादा तीस वर्षांनी त्रिमूर्ती चौकातला ट्रॅफिक सुटला तरी खूप झालं.

मखमलाबाद_एक्सप्रेस
कुणी मनसेचं उदाहरण कसं काढलं नाही अजून? २००९ ला शहरातल्या तीन जागांवर त्यांचे आमदार, २०१२ ला महापालिकेत ४० नगरसेवक, महापौर त्यांचा. सप्टेंबर २०१४ ला राज ठाकरेंनी महाराष्ट्राच्या विकासाचा आराखडा काढला, ऑनलाइन ठेवला, तेवढं सविस्तर तेव्हा दुसऱ्या कुणी क्वचितच लिहिलं असेल. महिन्याभरात विधानसभा, अख्ख्या राज्यात एक आमदार. २०१७ ला नाशिकमधली कामं, बोटॅनिकल गार्डन, ट्रॅफिक पार्क, सगळं व्यवस्थित दाखवलं. नगरसेवक पाच. मजकूर बघून मतं पडत असती तर हे झालं असतं का?

गोदाकाठची
लोक कशावर मत देतात आणि कशावर द्यावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना पण.

मखमलाबाद_एक्सप्रेस
वेगळे नाहीत ताई. उमेदवार पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघून पैसा लावतो. मजकुरावर मत पडत नाही कळल्यावर तो मजकूर कशाला लिहील, जेलरोडकरच्या टेम्प्लेटवर भागवेल. तुम्ही एकट्या वाचून त्याचं काही बदलत नाही.

इंदिरानगरी_मास्तर
उलटही वाचता येतं की. लोकांनी आराखडा वाचला असेल, मग स्वतःच्या गल्लीत बघितलं असेल आणि ठरवलं असेल. किंवा लाटेत वाहून गेले. आकड्यांवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही, उगाच ताणू नका.

म्हसरूळची_सून
मला एक वेगळंच सांगायचंय. महिला राखीव जागांवरच्या साइट्स उघडून बघा. कित्येक ठिकाणी ताईंचा फोटो एक आणि 'साहेबांचं कार्य' पानभर. संपर्क क्रमांक पण साहेबांचाच, मी लावून बघितला, पुरुषाचा आवाज, "बोला, ताई बिझी आहेत". याला साइट उपयोगी पडली ना? पाच वर्षं कोण कारभार करणार ते निवडणुकीआधीच कळलं. गोदाकाठची ताई, त्या चिखलातल्या बाई निवडून आल्या का?

गोदाकाठची
नाही. पडल्या.

सराफबाजार_काका
अरेरे.

सिडकोवाला_भो
फोन उचलत नसतील 😄 सॉरी सॉरी.

जेलरोडकर
एक कामाचं सांगून ठेवतो, यात वाद नाही. या सगळ्या साइट्सची डोमेनं डिसेंबर-जानेवारीत एका वर्षासाठी घेतलेली आहेत. हरलेला तर रिन्यू करत नाहीच, जिंकलेला पण करत नाही, कारण त्याला ती वचनं तिथे नकोच असतात. पुढच्या जानेवारीत उघडाल तर पान गायब किंवा तिथे ऑनलाइन रमीची जाहिरात. कुणाला जाब विचारायचा असेल तर आत्ताच पीडीएफ करून ठेवा, तारखेसकट. आणि काका, तो खर्चाचा प्रश्न माझ्या पार्टनरला विचारा.

सराफबाजार_काका
वाटलंच.

गोदाकाठची
माझ्या प्रभागातल्या जेवढ्या वाचल्या त्या सगळ्या सेव्ह आहेत, निवडून आलेल्या चौघांपैकी तिघांच्या. सातपूर, नाशिकरोड, सिडको कुणाकडे असतील तर पाठवा, एका फोल्डरमध्ये टाकते. बजेटच्या महासभेच्या वेळी काढून बघू कोण काय मागतंय.

सिडकोवाला_भो
आमच्यावाल्याची साइट नाही, सांगितलं ना. कॉल रेकॉर्डिंग चालेल का? त्यात पण वचनं भरपूर आहेत.